दोरीतला ताण

गुळगुळीत टेबलावर चार किलोचा ठोकळा. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला लावलेल्या कप्पीवरून खाली गेलेली, आणि तिच्या टोकाला एक किलोचा दुसरा ठोकळा लोंबकळतोय. हात काढून घेतल्यावर त्वरण किती, दोरीतला ताण किती? पदार्थविज्ञान नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला हे गणित कधी ना कधी भेटतंच. याच गणिताच्या एका उत्तरपत्रिकेचं पान काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पान देखणं होतं. वर्गात शिकवलेली रीत जशीच्या तशी उतरवलेली: काय दिलंय, काय काढायचंय, आकृती, नियम, आकडेमोड, पडताळा. प्रत्येक शीर्षकाखाली पट्टीने ओढलेली रेघ. दोन्ही ठोकळ्यांचे वेगवेगळे फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकेका ठोकळ्यावरची बलं बाणांनी दाखवणाऱ्या आकृत्या, प्रत्येक बाणाला नाव. आणि 'नियम' या शीर्षकाखाली ठाम अक्षरात लिहिलेलं, की ताण बरोबर एमजी, म्हणजे लोंबकळणाऱ्या ठोकळ्याचं वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण (इथे १० धरलेलं), म्हणजे १० न्यूटन. म्हणून त्वरण १० भागिले ४, म्हणजे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पडताळ्यात 'एकक बरोबर, उत्तर वाजवी' असं लिहून पुढे बरोबरची खूणसुद्धा केलेली.

रीत पूर्ण पाळली होती आणि उत्तर चुकलं होतं.

चूक तशी जुनीच आहे. ताण १० न्यूटन धरला, तर लोंबकळणाऱ्या ठोकळ्यावर वर १० आणि खाली १०. म्हणजे त्याला त्वरणच नाही, तो जागचा हलायला नको. पण तोच ठोकळा दोरीने दुसऱ्याला २.५ च्या त्वरणाने ओढतोय म्हणे, आणि दोरी तर ताणली जात नाही. खरं उत्तर असं: १० न्यूटनांना दोन्ही ठोकळे मिळून पाच किलो हलवायचे आहेत, म्हणून त्वरण २. टेबलावरच्या चार किलोला २ चं त्वरण द्यायला ताण हवा ८ न्यूटन. खालच्या ठोकळ्यावर खाली १०, वर ८, उरले २, आणि एका किलोला २ चं त्वरण. दोन्हीकडून जुळतं. ही चूक कुठलीही रीत न शिकलेले विद्यार्थीही अशीच करतात, त्यामुळे तिचं नवल नाही. टोचत राहिलं ते हे, की सहा पायऱ्यांनी तिला चहूबाजूंनी घेरलं होतं आणि एकाही पायरीने तिला पकडलं नाही. मग विद्यार्थ्यांना गणित सोडवण्याची रीत शिकवण्यात आपण जो एवढा वेळ घालतो, त्यातून त्यांच्या हाती नेमकं काय पडतं?

या पायऱ्यांचं मूळ गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली मांडलेल्या चार टप्प्यांपर्यंत जातं: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून पाहा. पदार्थविज्ञानात त्यांना वेगवेगळी रूपं मिळाली. मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया हेलर आणि सहकाऱ्यांनी वापरलेलं पाच टप्प्यांचं रूप त्यातलं बहुधा सर्वांत नीट तपासलेलं. त्यात पहिल्या टप्प्यात प्रश्नाचं चित्र काढायचं, दुसऱ्यात ते चित्र पदार्थविज्ञानाच्या भाषेत आणायचं, म्हणजे अक्ष, बलं, आधीची आणि नंतरची स्थिती. मग बेत, मग आकडेमोड, मग तपासणी. कागदावर हे इतकं शहाणपणाचं वाटतं की त्याला हरकत घ्यावी तरी कशाला? शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण वह्या सुधारतात. आधी जिथे सूत्र, आकडे, उत्तर असा तीन ओळींचा गोंधळ असायचा तिथे आता आकृती दिसते, चिन्हांना अर्थ असतो, कुठे काय चाललंय ते वाचता येतं. १९९७ साली डग्लस हफमन यांनी शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. पायऱ्या स्पष्टपणे शिकवलेल्यांच्या आकृत्या आणि वर्णनं अधिक चांगली, अधिक पूर्ण होती. मात्र पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या रीतीने शिकलेल्यांच्या तुलनेत त्यांची संकल्पनांची समज एकूणात वरचढ ठरली नाही. त्या पानावर जे घडलं होतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसतं: चित्र सुधारलं, चित्रातल्या बाणांबद्दलची समजूत होती तिथेच राहिली.

आपण पायऱ्या बेतल्या त्या जाणकारांकडे बघून. जाणकार आधी चित्र काढतो, म्हणून विद्यार्थ्याने आधी चित्र काढावं. पण जाणकाराच्या डोक्यात चित्र काढताना जे घडतं ते वहीत उमटत नाही. मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांचा १९८१ चा प्रयोग या विषयात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी त्याचा अर्थ दर वेळी नव्याने बोचतो. चोवीस गणितांची चोवीस कार्डं, पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणारे आठ जण आणि मेकॅनिक्सचा, म्हणजे गती आणि बलांच्या शास्त्राचा, पहिला कोर्स नुकताच संपवलेले आठ जण. काम एवढंच, की सारखी वाटणारी गणितं एकत्र ठेवा, सोडवू नका. नवख्यांनी उताराची एका ढिगात ठेवली, स्प्रिंगची दुसऱ्यात, फिरणाऱ्या चकत्यांची तिसऱ्यात. जाणत्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकीकडे आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटणारी दुसरीकडे ठेवली, मग त्यात उतार असो की स्प्रिंग. म्हणजे नवख्या विद्यार्थ्याला 'योग्य नियम निवडा' ही पायरी सांगणं म्हणजे ज्याच्याकडे कप्पेच नाहीत त्याला वस्तू योग्य कप्प्यात ठेव म्हणण्यासारखं आहे. तो निवडतो, पण त्याच्याकडे जे असतं त्यातून: कप्पी दिसली, दोरी दिसली, लोंबकळणारं वजन दिसलं, की ताण बरोबर एमजी. कारण दोरीला टांगलेल्या स्थिर वजनाच्या गणितात ते खरं होतं, आणि त्याच्या मनातल्या 'दोरी' नावाच्या ढिगात ते गणित सगळ्यात वर आहे.

म्हणून मला वाटतं, रीत शिकवायची तर बाकीच्या टप्प्यांवरचा निम्मा वेळ काढून या एका निवडीवर खर्च करावा. त्याची एक चांगली पद्धत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात विल्यम लेनर्ड, रॉबर्ट ड्यूफ्रेन आणि होसे मेस्त्रे यांनी वापरली. त्यांनी १९९६ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. गणित सोडवण्याआधी विद्यार्थ्याने काही वाक्यं लिहायची: कोणता नियम लागू होतो, तो का लागू होतो, आणि तो या प्रसंगात कसा वापरायचा. समीकरणं नाहीत, गद्य. असं लिहून शिकलेले विद्यार्थी गणितामागचा नियम ओळखण्यात सरस ठरले आणि कोर्स संपून बरेच महिने झाल्यावरही त्यातल्या मुख्य कल्पना त्यांना जास्त आठवत होत्या. यातल्या 'का' या शब्दात सगळं वजन आहे. वर्गात ही वाक्यं लिहायला सांगितली की पहिले काही आठवडे 'कोणता' आणि 'कसा' भरून येतात आणि 'का' च्या जागी 'कारण ऊर्जा अक्षय्य असते' असलं काहीतरी येतं. ते उत्तर परत द्यावं लागतं. ऊर्जा सगळीकडेच अक्षय्य असते. इथे यांत्रिक ऊर्जा का टिकते, कोणतं बल कार्य करत नाही, घर्षण कुठे गेलं, हे लिही.

हे जवळून बघायचं तर दोरीला टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात रुतणाऱ्या गोळीचं गणित घ्यावं. गोळी १० ग्रॅमची, वेग ३०० मीटर प्रति सेकंद. ठोकळा १.९९ किलोचा, म्हणजे रुतल्यावर एकूण बरोबर २ किलो. दोरी १ मीटरची. ठोकळा किती उंच जाईल? 'उंची विचारली आहे, म्हणून ऊर्जा' असा ज्याचा कप्पा आहे तो गोळीची गतिज ऊर्जा काढतो, ४५० ज्यूल, आणि ती सरळ स्थितिज ऊर्जेच्या बरोबर मांडतो. गुरुत्वत्वरण १० धरलं तर उंची येते साडेबावीस मीटर. एक मीटरच्या दोरीला टांगलेला ठोकळा! 'का' लिहायला बसलेला विद्यार्थी इथे अडखळतो, आणि हे अडखळणंच हवं असतं. रुतताना लाकूड फाटतं, तापतं, यांत्रिक ऊर्जा टिकत नाही. पण तेवढ्या क्षणात बाहेरचं बल संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यात, फारसा फरक पाडत नाही, म्हणून तिथे संवेगाची अक्षय्यता: ०.०१ गुणिले ३०० भागिले २, वेग दीड मीटर प्रति सेकंद. त्यानंतर, आणि त्यानंतरच, ऊर्जा. कारण दोरीचं बल कायम गतीला काटकोनात असतं आणि कार्य करत नाही. उंची सव्वाअकरा सेंटिमीटर. ४५० ज्यूलपैकी झोक्याच्या वाट्याला फक्त सव्वादोन आले, बाकीचे लाकडात जिरले. एका गणिताचे दोन तुकडे, दोन तुकड्यांना दोन नियम, आणि तुकडा कुठे पाडायचा हे ठरवणं म्हणजेच इथे बेत आखणं. पाच शीर्षकांची चौकट यातलं काहीच आपोआप घडवून आणत नाही. तिने फक्त जागा करून ठेवलेली असते.

दुसरी अडचण गणितांचीच आहे. पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी येणारी बहुतेक गणितं एका सूत्राने सुटतात, आणि कोणत्या सूत्राने ते प्रकरणाचं नावच सांगतं. अशा गणिताला सहा पायऱ्या लावायला सांगणं ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने शुद्ध शिक्षा आहे, आणि तो बरोबर असतो. तो आधी उत्तर काढतो, मग मागे जाऊन शीर्षकं भरतो. आकृती उत्तरानंतर काढली जाते हे पेन्सिलीच्या रेघांवरूनही कळतं: ती आकड्यांच्या कडेने उरलेल्या जागेत बसवलेली असते. मिनेसोटाच्या गटाने हे ओळखून गणितंच बदलली. 'तुम्ही' पासून सुरू होणारा एखादा प्रसंग, त्यात लागणारी आणि न लागणारी माहिती मिसळलेली, काही गोष्टी गृहीत धराव्या लागणार, आणि काय काढायचं हे नेहमी थेट सांगितलेलं नाही. असं गणित एकट्याने, सूत्र शोधत सुटणं अवघड. मग तीन-तीनचे गट: एक जण काम पुढे नेणारा, एक जण लिहिणारा, एक जण शंका काढणारा, आणि या भूमिका आळीपाळीने बदलायच्या. दोघांच्या गटात अडल्यावर वाट सापडत नाही, चौघांत एक जण गप्प बसून राहतो. तीन हा आकडा त्यांच्या अनुभवातून आला. १९९२ मध्ये त्यांनी दाखवलं की गटाने सोडवलेली गणितं त्याच गटातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याने तेवढ्याच अवघड गणिताच्या एकट्याने केलेल्या सोडवणुकीपेक्षा चांगली होती. माझ्या मते यातली शंका काढणाऱ्याची भूमिका सोन्यासारखी आहे. कारण 'ताण एमजीच का?' हा प्रश्न विचारणं हे तिथे कुणाचं तरी ठरलेलं काम असतं, त्यासाठी धीट असावं लागत नाही.

पण नवख्याला थेट अवघड गणितात सोडणंही बरोबर नाही. जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांच्या गटाने १९८० च्या सुमारास दाखवलं होतं, की नवखा माणूस उत्तराकडून उलटा चालतो: हवा आहे ताण, ताण असलेलं सूत्र कुठलं, त्यात त्वरण लागतं, त्वरणाचं सूत्र कुठलं. जाणकार दिलेल्यापासून पुढे चालतो. उलट्या शोधात सगळी शक्ती पुढची पायरी धुंडाळण्यात जाते आणि गणित सुटलं तरी त्यातून शिकायला डोकं मोकळं उरत नाही. जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात हे ठामपणे मांडलं, आणि त्यावरचा उपाय म्हणून सोडवून दाखवलेली उदाहरणं वाचायला देण्याची बाजू घेतली. यात एक साधी क्रिया फार उपयोगी पडते. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून द्यायचं. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी ठेवायची, तिसऱ्यात शेवटच्या दोन, असं मागे मागे येत पाचव्या-सहाव्याला फक्त प्रश्न उरतो. पण कोऱ्या जागेइतकंच महत्त्व भरलेल्या ओळीशेजारच्या प्रश्नाला: ही ओळ इथे का आली? मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या अभ्यासात चांगले विद्यार्थी उदाहरण वाचताना हेच स्वतःशी बोलत होते, नियम कोणत्या अटीवर लागू होतो ते स्वतःला समजावत होते. बाकीचे ओळी डोळ्यांखालून घालत होते आणि 'समजलं' म्हणत होते. फळ्यावर शिकवणारेही इथे चुकतात. ते घरून सोडवून आणलेलं गणित स्वच्छ उतरवतात. निवड करताना झालेली चुळबुळ, 'आधी ऊर्जा वापरून बघू... नाही, इथे धक्का आहे', हे फळ्यावर येतच नाही. शिकायचं होतं ते तेवढंच होतं.

नुसत्या सरावाने हे जमेल ही आशा तर सोडूनच द्यावी. कोरियात युनसूक किम आणि सुंग-जे पाक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आधी सरासरी दीड हजाराच्या आसपास पाठ्यपुस्तकी गणितं सोडवलेली होती, आणि तरी मेकॅनिक्समधल्या मूलभूत गैरसमजुती त्यांच्यात शिल्लक होत्या.

दीड हजार!

राहता राहिला पडताळा. त्या पानावर तो होता, आणि फोल होता. 'उत्तर वाजवी' हे गोळीच्या गणितात चूक पकडतं, कारण साडेबावीस मीटर डोळ्यांवर येतात. २.५ आणि २ यांत वाजवी-अवाजवी काय कळणार? इथे दुसरा पडताळा हवा, आणि त्यासाठी एक सवय लागते: आकडे शेवटपर्यंत घालायचे नाहीत. त्या विद्यार्थ्याच्या रीतीने चिन्हांत उत्तर आलं असतं, तर त्वरण म्हणजे लोंबकळणारं वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले टेबलावरचं वस्तुमान. आता मनातल्या मनात टेबलावरचा ठोकळा हलका करत जावा. अर्धा किलो केला, की त्वरण २०. म्हणजे लोंबकळणारं वजन नुसतं सोडल्यावर जितक्या त्वरणाने पडलं असतं त्याच्या दुपटीने, आणि तेही मागे दोरीने ठोकळा बांधलेला असताना. ही चूक लपू शकत नाही. बरोबर सूत्रात भागाकार दोन्ही वस्तुमानांच्या बेरजेने होतो. टेबलावरचा ठोकळा शून्य केला की त्वरण १० आणि ताण शून्य, ठोकळा प्रचंड केला की त्वरण जवळजवळ शून्य आणि ताण एमजीच्या जवळ. म्हणजे 'ताण बरोबर एमजी' ही चूकसुद्धा कुठेतरी खरी आहे, टेबलावर हलणारच नाही इतकं जड काही ठेवलं तर. तिला नुसतं खोडून टाकण्यापेक्षा तिची हद्द दाखवता येते. पण दुसऱ्याच ओळीत ४ आणि १ घातले, की ही सगळी वाट बंद.

पायऱ्यांबद्दलचा एक आक्षेपही याच्या जवळच येतो. दोन चेंडू उंचावरून: एक नुसता सोडला, दुसरा त्याच क्षणी २ मीटर प्रति सेकंदाने खाली फेकला. ५ सेकंदांनी त्यांच्या वेगांत फरक २ पेक्षा जास्त, कमी की तेवढाच? एरिक कुओ, मायकेल हल, आयुष गुप्ता आणि अँड्र्यू एल्बी यांनी विद्यार्थ्यांना असंच विचारलं. कुणी पायऱ्या नीट करत ५० आणि ५२ काढून वजाबाकी करतो. कुणी सूत्राकडे बघूनच म्हणतो, दोघांच्या वेगात गुरुत्वामुळे सारखीच भर पडते, मग फरक होता तेवढाच राहणार. दुसऱ्याने एकही पायरी लिहिली नाही, आणि सूत्राचा अर्थ त्यालाच दिसला होता. 'आधी संकल्पना, मग गणित' असे टप्पे काटेकोर पाळायला लावले आणि त्याचेच गुण दिले, तर या दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापू. ते मला मान्य होत नाही.

तरीही पायऱ्या सोडाव्यात असं म्हणवत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा तेच पान आहे. तीन ओळींच्या गोंधळात ही चूक दिसलीच नसती. 'उत्तर चूक' एवढा शेरा पडून वही परत गेली असती. इथे ती कुठे बसली आहे ते दिसत होतं, आणि तीही 'नियम' या शीर्षकाखाली नव्हती. ती त्याच्या आधी, लोंबकळणाऱ्या ठोकळ्याच्या आकृतीत होती. वरचा बाण ताणाचा, खालचा वजनाचा, आणि दोन्ही पट्टीने मोजून अगदी सारख्या लांबीचे काढलेले. ताण बरोबर एमजी हे तिथेच ठरून गेलं होतं. तिथून खाली आकडेमोडीत एकही चूक नव्हती. शेरा लिहायचा तो त्या दोन बाणांशेजारी, तोही प्रश्नाच्या रूपात: हा ठोकळा वेग वाढवत खाली चाललाय, मग यातला कुठला बाण लांब हवा?